कॉस्ट म्हणजे नेमकं काय?



परवा लेकीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होते. सातवीत आहे ती. ‘कॉस्ट’ या शब्दाची पाच वाक्यं करायची होती. मी म्हटलं, “सोप्पं आहे, कॉस्ट म्हणजे किंमत.” तिनं लगेच विचारलं, “मग प्राइस म्हणजे?” मी गप्प!

शेवटी दोघी डिक्शनरी घेऊन बसलो. दिवाळीत मी ऑर्डरच्या चकल्या करते, त्यावरून तिला समजावलं. भाजणी, तेल, गॅस असं सगळं मिळून मला जो खर्च येतो ती कॉस्ट. पाकिटावर लिहिते ती प्राइस. नफा न घेता कुणाला दिल्या, तर त्या ‘ॲट कॉस्ट’ दिल्या. महिन्याचा घरखर्च वाढत जातो ती ‘कॉस्ट ऑफ लिव्हिंग’. आणि ‘ॲट एनी कॉस्ट’ म्हणजे काहीही झालं तरी.

हाच शब्द क्रियापद म्हणूनही येतो आणि भूतकाळात बदलत नाही. आजही कॉस्ट, कालही कॉस्ट. ‘कॉस्टेड’ म्हणायचं ते फक्त कामाच्या खर्चाचा अंदाज काढला असेल तेव्हा.

एक गंमत कळली. या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये ‘उभं राहणं’ या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे त्यांच्याकडे वस्तू अमुक किमतीला उभी राहते आणि आपल्याकडे ती पडते! साडी केवढ्याला पडली, असंच विचारतो ना आपण?

पैशाचा संबंध नसला तरी कॉस्ट चालतो. चुकीपायी एखाद्याची नोकरी गेली, तर ‘द मिस्टेक कॉस्ट हिम हिज जॉब’. आपलं ‘महागात पडलं’ तसंच. आधी कोणाला, मग काय गमावलं, असा क्रम.

“आता तू एक कर,” म्हटलं आणि मी कुकर लावायला उठले. परत येऊन वही बघितली.

‘द बाउल कॉस्ट अस मावशी.’

व्याकरण अगदी बरोबर होतं.

श्रावणात मावशींच्या हातून डिनर सेटमधला बाउल फुटला होता. पाहुण्यांसमोरच मी बोलले, “केवढ्याचा आहे माहितीये का?” वर पगारातून दोनशे रुपये कापले. आठ वर्षं होत्या त्या आमच्याकडे. लेक त्यांच्या मांडीवर वाढली. महिना भरला आणि त्यांनी काम सोडलं. एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतर दशलक्षण पर्व झालं. क्षमावाणीला मी मोबाईलवरून सगळ्या ग्रुपांवर हात जोडून क्षमा मागितली. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी बोलणंसुद्धा नाही, त्यांचीही मागितली. मावशींची तेवढी नाही. त्या ग्रुपवर नव्हत्या ना!

दुसऱ्या दिवशी लेकीला घेऊन त्यांच्या घरी गेले. दोनशे रुपये हातात ठेवले. “मावशी, चुकले मी,” एवढंच जमलं, पुढचं काही सुचेना. त्यांनी पैसे घेतले, मोजले नाहीत. लेकीच्या केसांवरून हात फिरवला आणि चहा टाकला. म्हणाल्या, “पटकन घ्या ताई, दिवस मावळेल. नंतर तुम्हाला चालायचं नाही.”

माझा घास खाली उतरेना. आमचा नियम त्या अजून पाळत होत्या.

मावशी परत कामाला येणार नाहीत. दुसरं घर धरलंय आणि तिथं बऱ्या आहेत. मीही आग्रह केला नाही. लेकीच्या वाक्याला शाळेत बरोबरची खूण मिळाली.

तो सेट अजून कपाटात आहे, पाच बाउलांचा. मैत्रिणींनो, तुमच्या क्षमावाणीच्या यादीत कोण राहून गेलंय, एकदा बघा. त्यासाठी पुढच्या भाद्रपदाची वाट बघायला नको.