भोसरीचा जुना लेथ आणि भिंतीवरची डबी

मेट्रोचे नाशिक फाटा स्टेशन २०२२ साली सुरू झाले, तेव्हा त्याचे नाव भोसरी असे ठेवले होते. खरी भोसरी तिथून बरीच पुढे. त्या नावावर विसंबून आम्ही एकदा फसलो होतो. आता नाव बदलले आहे, पण पायपीट तीच. शेअर रिक्षाने लांडेवाडी आणि तिथून टेल्को रोडने आत वळलो. सोबत आमच्या वस्तीतील आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन मुलगा होता. कारखान्यांत अशा डब्या बसविण्याचेच काम तो करतो.

जाण्याचे कारण असे. वस्तीतील एक टर्नर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, आमच्याकडे एक नोटीस घेऊन आले होते. "आपले मशीन पाळीत वारंवार बंद आढळले, खुलासा करावा." तीस वर्षांच्या नोकरीतला हा पहिला कागद. मामा म्हणाले, "साहेब, माझ्यावर कुणी माणूस नजर ठेवत नाही. भिंतीवरची डबी ठेवते. तिला काय खुलासा देऊ?"

गाळा लहानच. आत पाच-सहा यंत्रे, कुलंटचा वास आणि पायाखाली लोखंडाची बुरशी. मामांचा लेथ एचएमटीचा. ही सरकारी कंपनी १९५३ साली बेंगळुरूला सुरू झाली, आणि तिचे लेथ आजही कित्येक गाळ्यांत चालतात. रंग उडाला आहे, पण चक फिरते तेव्हा आवाज एकसारखा येतो. नवे सीएनसी मशीन घ्यायचे तर काही लाख मोजावे लागतात. म्हणून मालकाने जुन्यालाच बोलते करायचे ठरविले.

ते कसे, हे त्या मुलाने आम्हांला दाखविले. मोटरच्या वायरींपैकी एकीभोवती बांगडीसारखी एक कडी बसविली आहे. वायर कापावी लागत नाही. वायरीतून करंट गेला की त्या प्रमाणात कडीत बारीकसा करंट तयार होतो. मशीन बंद तर काहीच नाही, चक नुसते फिरत असेल तर थोडा, आणि हत्यार लोखंड कापू लागले की जास्त. कडीची वायर भिंतीवरच्या डबीत जाते, आणि डबी तो हिशेब वाय-फायने मालकाच्या कॉम्प्युटरवर पाठविते. बस्स, एवढेच. लेथच्या एका स्क्रूलाही हात लागलेला नाही.

कोपऱ्यात एक जुने सीएनसी मशीन आहे. त्याच्या पाठीवर आरएस-२३२ नावाचे पोर्ट आहे. या पद्धतीचा नियम १९६० सालचा. पूर्वी त्यातून प्रोग्राम भरत, आता तिथे दुसरी डबी लावून मशीनची माहिती बाहेर काढतात. विजेचे मीटर मॉडबस नावाच्या भाषेत बोलते. ती मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ साली काढली. नवे म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे आमच्याच वयाचे किंवा आमच्याहून थोरले आहे, हे पाहून आम्हांला गंमत वाटली.

पहिल्या आठवड्यात आकडे म्हणे उड्या मारत होते. डबीची वायर कुणीतरी मोटरच्या जाड केबललाच बांधली होती. "काका, हे नेहमीचेच," मुलगा म्हणाला. जाळीच्या आवरणाची वायर घेऊन, वेगळ्या पाइपातून नेऊन, एका टोकाला अर्थिंग दिल्यावर आकडे ताळ्यावर आले. नोटिशीत या आठवड्याचाही हिशेब धरला होता. तो आम्ही आधी काढायला लावला.

मग कॉम्प्युटर पाहिला. चालू वेळेची हिरवी पट्टी, बंद वेळेची लाल. एका मंगळवारी दहापासून पावणेबारापर्यंत लाल. मालक म्हणाले, "बघा." आम्ही पडलो कारकून. स्टोअरचे इश्यू रजिस्टर मागितले. त्या दिवशी मामांच्या नावावर लोखंडी बार दिल्याची वेळ होती अकरा पस्तीस! पुढच्या लाल पट्ट्याही एकेक करून रजिस्टरशी ताडून पाहिल्या. कुठे माल नव्हता, कुठे लाईट गेली होती. डबीला मशीन थांबलेले कळते. का थांबले, ते तिला कसे कळणार?

बी.कॉम.ला आम्हांला कॉस्टिंग होते. त्यात रिकाम्या वेळेचे दोन प्रकार शिकविले होते, नेहमीचा आणि असाधारण. माल आला नाही, वीज गेली, तर तो असाधारण. तो खर्च कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्याला टाकायचा असतो, कामगाराच्या माथी नाही. हे मालकांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नोटीस राहू द्या तशीच, मी काही करणार नाही." आम्ही म्हणालो, "तसेच लिहून द्या." दिले.

आता लेथजवळ चार बटणे बसवायची ठरली आहेत: माल नाही, हत्यार बदल, दुरुस्ती, लाईट. मशीन थांबले की ऑपरेटरने स्वतः कारण दाबायचे. मालकांना पाचवे बटण लघवीचे हवे होते. त्यावर मामा अडून बसले. "मी कधी मोरीत गेलो याचा कागद निघणार असेल, तर मी हिशेब घेऊन घरी जातो." पाचवे बटण राहिले.

निघताना पॉवर प्रेसकडे लक्ष गेले. तिच्या चाकाजवळ नवा सेन्सर लावला आहे. प्रेस किती वेळा खाली आली ते तो मोजतो. पण हात आत असताना प्रेस थांबविणारा प्रकाशाचा पडदा काही दिसला नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात यंत्राला संरक्षक आडोसा घालण्याचे कलमच होते, कलम २१. ठोके मोजायला पैसे आहेत आणि बोटे वाचवायला नाहीत, हे कसे? आम्ही विचारले. मालक म्हणाले, "पुढच्या महिन्यात." आम्ही तारीख विचारली आणि डायरीत लिहून घेतली. प्रेसवरच्या मुलाने तोवर काम थांबविले नव्हते. वर त्या सेन्सरचा लाल दिवा प्रत्येक ठोक्याला लुकलुकत होता.