रताळ्याचा उपास

नात सहा महिन्यांची झाली ती ऐन दिल्लीच्या थंडीत. कोपऱ्याकोपऱ्यावर निखाऱ्यांवर शकरकंदी भाजत होती. आमच्याकडे रताळं म्हणजे एकादशी. बाळाला उपासाचं कशाला, असं उगाच वाटलं. तरी कच्चं आणून उकडलं, साजूक तूप घालून मऊ कुस्करलं. तिने मिटक्या मारत खाल्लं.

सून म्हणाली, “आई, आतून पांढरं आहे हे.”

खरंच होतं. नारिंगी रताळं आफ्रिकेतल्या मुलांपर्यंत नेणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला; त्या रंगातूनच शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. आपल्याकडेही ‘भू सोना’ हे नारिंगी वाण आहे, पण आमच्या भाजीवाल्याकडे पांढरंच. त्याने पोट भरतं, डोळ्यांचं भागत नाही.

आता त्यात लाल भोपळा आणि मुगाचं वरण कालवते. रताळ्याचा उपास आमच्या घरात असा सुटला.