ओवीचा चौथा चरण

कळंबच्या हरिनाम सप्ताहातील पारायणे ऐकत माझा कान घडला; म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हाती आले तेव्हा ते परके वाटले नाही. १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापलेल्या या मराठी काव्याची देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये काढली. मधली ३४० वर्षे! (आणि आता ते सुलभ झाले, तर आमच्या पुष्कळ घरांत कपाटातच पूजले जाते.)

कवितेचे धडे मी त्यातच गिरवले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. तेथे वाचणारा क्षणभर थांबतो, ऐकणाराही. पुढे नाटकाचे संवाद लिहू लागलो तेव्हा हा थांबाच उपयोगी पडला. या पुराणाचा आरंभही नाट्यमय आहे: एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना प्रश्न करतो आणि त्यातून कथा उलगडत जाते.

काही ओव्या मी एका वारकरी शेजाऱ्यांना वाचून दाखविल्या. ग्रंथ कोणाचा, हे विचारण्याआधी त्यांनी पुढची ओवी मागितली. तेव्हापासून नवा संवाद मी प्रथम मोठ्याने वाचतो. जेथे श्वास अडखळतो, तेथील शब्द काढून टाकतो.