पंखा, बॅटरी आणि घसारा

घरातल्या वस्तू म्हाताऱ्या झाल्या की दोनच गोष्टी करतात : आवाज करतात आणि लवकर दमतात. मिक्सर घ्या, शिवणयंत्र घ्या, सोसायटीचे सेक्रेटरी घ्या, नियम तोच. फरक इतकाच की मिक्सर एका वेळी एकच दुखणे काढतो. आमच्या लॅपटॉपने दोन्ही एकदम काढली.

हा लॅपटॉप आम्ही 2019 साली कन्येच्या शिक्षणासाठी 42 हजार रुपयांना घेतला. पहिली काही वर्षे तो इतका अबोल होता की चालू आहे की बंद, हे वाकून बघावे लागे. अलीकडे मात्र त्याच्या पंख्याला कंठ फुटला. सुरुवातीला लांबच्या पिठाच्या गिरणीसारखी घरघर, आणि पाचच मिनिटांत घाट चढणाऱ्या एस.टी.चा सूर. शिवाय चार्जर काढला की अठराव्या मिनिटाला गडी राम म्हणायचा. तेही सांगूनसवरून नाही. कोपऱ्यात बॅटरी 40 टक्के दाखवत असे आणि पडदा काळा! काही खातेदारांचे चेक असेच असतात. बोलण्यात शिल्लक भरपूर, वटवायला जावे तर खडखडाट.

एरवी हेही चालवून घेतले असते. मध्यमवर्गीय माणूस काय काय चालवून घेतो याची यादी केली तर रिम संपेल. पण कन्येची मुलाखत आली. बंगळूरची कंपनी, शेवटची फेरी, गुरुवारी सकाळी अकराला, घरूनच, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर तासभर. आणि त्याच गुरुवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी नऊ ते तीन वीज बंद राहील, असा निरोप मोबाइलवर आला. याआधीच्या एका मुलाखतीत, ‘माझी सर्वांत मोठी ताकद म्हणजे...’ एवढे ती बोलली होती आणि लॅपटॉप विझला होता. ती ताकद कोणती, हे त्या कंपनीला अजून कळलेले नाही. त्यानंतर चार दिवस पोरगी कोणाशी धड बोलली नाही. म्हणजे प्रश्न आता पंख्याचा उरला नव्हता.

मेहुणे रविवारी आले आणि चहाच्या आधी निकाल देऊन मोकळे झाले. ‘‘दाजी, फुंकून टाका हो तो! नवीन घ्या. पन्नास-साठ हजारांत झकास मिळतो.’’ मेहुणे दुसऱ्याचे पन्नास हजार फार सढळ हाताने खर्च करतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. धंद्याच्या हिशेबात संगणकावर दरसाल 40 टक्के घसारा धरतात, तोही उरलेल्या किमतीवर. मी पाकिटाच्या पाठीवर गणित मांडले. 42 हजारांवर असा सहा वर्षे घसारा काढला की उरतात फक्त 1,960 रुपये. ‘‘बघा!’’ मेहुणे म्हणाले, ‘‘दोन हजारांच्या वस्तूवर कशाला खर्च करताय?’’ घसारा माणसांवरही काढला तर मेहुण्यांची पुस्तकी किंमत किती भरेल, हे गणित मी मनातच केले. सौभाग्यवती समोर होती.

आधी निदान, मग औषध, असे ठरले. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर नावाचा हजेरीपट उघडतो. कोणता प्रोग्रॅम किती राबतो आहे ते त्यात दिसते. सगळे बंद केल्यावर काम चारपाच टक्केच दिसत होते, पण पंख्याचा गजर चालूच. काम नाही आणि आरडाओरडा मोठा, हे लक्षण माझ्या चांगल्या परिचयाचे आहे, पण ऑफिसचा विषय इथे नको.

मग बॅटरीचे पासबुक काढले. विंडोजमध्ये कमांडची काळी खिडकी उघडायची, ‘पॉवरसीएफजी’ असे इंग्रजीत लिहून एक जागा सोडायची, तिरकी रेघ मारायची आणि जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहायचे. झाले, सगळा उतारा तयार होतो. आमच्या बॅटरीची मूळ ठेव 41,040 मिलीवॅट-तास, आणि आता पूर्ण भरल्यावर शिल्लक 13,296. म्हणजे बत्तीस टक्के! कोपऱ्यात ‘100 टक्के’ दिसते ते या बत्तीसचे शंभर. पुन्हा, जुन्या बॅटरीचा आतला विरोध वाढलेला असतो. जास्त वीज मागितली की तिचा दाब एकदम कोसळतो आणि यंत्र बंद पडते. 40 टक्क्यांवर राम म्हणण्याचे रहस्य ते हे.

या लिथियम-आयन बॅटरीसाठी 2019 सालीच, म्हणजे आमच्या खरेदीच्याच वर्षी, तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांतल्या जॉन गुडइनफ यांचे वय तेव्हा 97 होते. इतक्या वयात नोबेल आजवर दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही. 2023 साली ते गेले, तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली. आडनावाचा अर्थ मात्र ‘चालेल इतपत बरा’. आमची बॅटरी निदान आडनावाला जागली असती तरी पुष्कळ होते.

खरे निदान केले शेजारच्या काकांनी. काका एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी लॅपटॉप कानाशी धरला, मागच्या फटीपुढे तळहात ठेवला आणि म्हणाले, ‘‘अहो, पंखा ओरडतोय, पण वारा कुठाय? रेडिएटर चोंदलाय ह्याचा.’’ एवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, ‘‘आणि ही बोट फिरवायची पाटी वर आलीय बघा. पुरी फुगावी तशी.’’

‘फुगली’ म्हटल्यावर काकांनी लॅपटॉप लगेच खाली ठेवला. मी तो बंद केला, चार्जर काढला आणि सोमवारी सकाळीच गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात पोचवला.

तिथल्या पोराने पाठ उघडली. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून धातूच्या बारीक पात्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा त्यातून वारा फुंकतो, अशी मूळ रचना. आमच्या जाळीवर धुळीची चक्क गोधडी अंथरलेली होती. लॅपटॉप पलंगावर, पांघरुणात घेऊन बसायचे म्हटल्यावर दुसरे काय होणार? वारा निघत नाही म्हणून आत तापते, तापते म्हणून पंखा आणखी फिरतो, आणि त्याच उष्णतेने शेजारची बॅटरी लवकर म्हातारी होते. दोन दुखणी नव्हतीच, एकाच दुखण्याच्या दोन तक्रारी होत्या.

पोराने पंख्याचे पाते बोटाने धरून धूळ उडवली. मोकळा सोडून हवा मारली तर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो म्हणे. प्रोसेसरवरची वाळून खपली झालेली पेस्ट पुसून ताजी लावली. फुगलेली बॅटरी त्याने तान्ह्या बाळासारखी अलगद उचलली. ‘‘काका, ही दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात तर अजिबात नाही. आत गॅस धरलाय, पेट घेते. आम्ही ई-कचऱ्यात देतो.’’ नव्या बॅटरीसकट बिल झाले 3,900 रुपये. म्हणजे 1,960 रुपयांच्या मालमत्तेवर 3,900 रुपयांची दुरुस्ती! कोणत्याही ऑडिटरने शेरा मारला असता.

गुरुवारी नऊला वीज गेली. वायफायचा डबाही विजेवरच चालतो, तेव्हा मोबाइलचे इंटरनेट लॅपटॉपला जोडले. लॅपटॉप पलंगावरून उठून टेबलावर आला. कन्या आत, आम्ही दोघे बाहेर श्वास रोखून. सत्तर मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा बॅटरी 61 टक्के होती, आणि ती खरी होती.

नोकरी लागली. पुढच्या महिन्यात ती बंगळूरला जाईल. कंपनी तिला स्वतःचा लॅपटॉप देणार आहे, म्हणजे हा आमच्याकडेच राहणार. आता त्यावर बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय चालू केली आहे. सतत शंभर टक्के भरून ठेवण्यानेही तिचे आयुष्य कमी होते. पंखा तर इतका हळू फिरतो की कान लावला तरी ऐकू येत नाही.

मेहुणे परवा पुन्हा आले होते. म्हणाले, ‘‘दाजी, घर अगदी शांत झालं हो तुमचं!’’ सौभाग्यवतीने कन्येच्या अर्ध्या भरलेल्या बॅगेकडे बघितले आणि चहा टाकायला आत गेली. मी म्हणालो, ‘‘होय, अजून महिनाभराने या. आणखी शांत होईल.’’