बुश बदलले, पण वंगण चुकले

कृषी विस्ताराच्या नोकरीत माझी तीसएक वर्षे गेली. खते, बियाणे, कपाशीवरची बोंडअळी यांवर मी गावोगाव पुष्कळ बोललो. आज मात्र बोलणार आहे ते गाडीच्या बुशबद्दल. हसू नका. तुमच्या दारात पाट्यांची ट्रॉली, पिकअप किंवा निदान मोटारसायकल असेल, तर तिच्यात कुठे ना कुठे हा बुश बसलेला आहेच.

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे माझे घर आहे आणि दारात १९८६ सालची एक डिझेल जीप आहे. लिलावात घेतली तेव्हा घरची मंडळी नाखूश होती. पण आमचे शेत देवळी तालुक्यात, आणि पावसाळ्यात तिथल्या पांदणीतला काळा चिखल कसा असतो हे तुम्हांला सांगायला नको. तिथे जीपच जाते.

२०१८ च्या जुलैत बाबा गोठ्याच्या ओल्या फरशीवर घसरले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. मी घाईघाईने त्यांना जीपमध्ये मागे गादीवर निजवले आणि सावंगीच्या दवाखान्याकडे निघालो. ही माझी चूकच झाली. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवायला हवी होती. असे मोडलेले माणूस आपल्या मनाने हलवू नये. पण त्या वेळी सुचले नाही. पांदणीतून सडकेवर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला जीपच्या मागच्या बाजूने ‘खडाक’ असा आवाज यायचा आणि बाबा दात आवळायचे. ओरडले एकदाही नाहीत. शस्त्रक्रिया झाल्यावर चौथ्या दिवशी मात्र म्हणाले, “बापू, पडलो तवा इतकं दुखलं नाई, जितकं तुह्या गाडीनं दुखवलं.”

हे वाक्य मला झोपू देईना. त्या आठवड्यातच जीप मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने सब्बल घेतली, पाट्याचा डोळा आणि शॅकल यांच्यामध्ये घालून जरा उचकली. पाटा चांगला बोटभर हलला. पाट्याच्या टोकाला जो गोल डोळा असतो, त्यात रबराचा बुश असतो. रबराच्या आत लोखंडी नळी आणि नळीतून बोल्ट. पाटा वरखाली होतो तेव्हा ते रबर पिळते आणि परत जागेवर येते. तिथे घासणे नाहीच, नुसते पिळणे आहे. म्हणून रबरी बुशला तेल लागत नाही आणि ग्रीसही लागत नाही. आमच्या बुशचे रबर मात्र फुगून, मऊ होऊन, शिळ्या भाकरीच्या लगद्यासारखे हाताला लागले.

“साहेब, इथे तेल कोणी टाकलं?” मिस्त्रीने विचारले.

मीच टाकले होते! पाटे कुरकुरतात म्हणून दर दिवाळीला आणि पावसाळ्याआधी इंजिनचे जळके तेल ब्रशने पाट्यांवर लावत होतो, आणि आपण गाडीची किती निगा राखतो याचा अभिमानही बाळगत होतो. पाट्या-पाट्यांमध्ये जरा वंगण असणे वाईट नाही. तिथे ग्राफाइटचे ग्रीस लावतात. पण माझे पातळ तेल ओघळून डोळ्यात जात होते, आणि खनिज तेल हा रबराचा शत्रू आहे. रबर ते पिते, फुगते आणि त्याचा जीव जातो. कोणते औषध कशात मिसळू नये हे शेतकऱ्यांना सांगत हिंडणारा मी, नऊ वर्षे स्वतःच्या गाडीला औषध म्हणून विष पाजत होतो.

आता नवे काय बसवायचे? मिस्त्रीचा मुलगा म्हणाला, पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, ते टाका, रबराच्या कितीतरी पट टिकतात. हा पदार्थ तुम्हांला अनोळखी नाही. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने त्याचा शोध लावला. गादीतला फोम आणि पुष्कळशा चपलांचे तळ त्याचेच असतात. बुशसाठी त्याचा कडक प्रकार वापरतात. शर्यतीच्या आणि जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन हे बुश मुद्दाम बसवतात, कारण रबर वळणावर दबते आणि चाक थोडे तिरपे होते. हा पदार्थ फारसा दबत नाही, त्यामुळे चाक धरल्या जागी राहते. तेल लागले तरी तो रबरासारखा विरघळून जात नाही. माझ्यासारख्या तेल पाजणाऱ्याला हाच बरा, असे वाटले आणि मी चारही पाट्यांचे संच मागवले.

जुने बुश काढणे हेच खरे कष्टाचे काम. पुष्कळ ठिकाणी गॅसच्या ज्योतीने रबर जाळतात. ते करू नका. तो धूर फार वाईट. आम्ही करवतीच्या पात्याने रबर आणि बाहेरची पत्र्याची नळी कापून काढली आणि डोळा आतून पॉलिश कागदाने घासून चकचकीत केला. आणखी एक सांगतो. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. चाकांना दगड आणि चेसिसखाली भक्कम ठोकळे दिल्याशिवाय डोके आत घालायचे नाही.

संचाबरोबर ग्रीसच्या लहान पुड्या आल्या होत्या, पांढरट, चिकट. मिस्त्री म्हणाला, “एवढ्याशानं काय होते?” मलाही तसेच वाटले. शिवाय बेअरिंगच्या ग्रीसचा डबा समोर होता. तेच भरपूर फासले, बुश बसवले, बोल्ट आवळले. गाडी मोठी छान चालू लागली. स्टिअरिंग तर इतके सरळ झाले की जीप तरुण झाली म्हणा ना!

हे सुख महिनाभरच टिकले. भाद्रपदात दोन वेळा पांदणीच्या पाण्यातून गेलो आणि पुढून टिटवी ओरडावी तसा आवाज सुरू झाला. गतिरोधक आला की टिव-टिव. गावातली पोरे आवाजावरून ओळखू लागली की साहेब आले.

बाबा तोवर काठी घेऊन चालायला लागले होते. मोठ्या मिनतवारीने त्यांना पुढच्या सीटवर बसवून शेत दाखवायला नेले. जाताना ते काही बोलले नाहीत. येताना म्हणाले, “वंगण कोरडं झालं, बापू.”

“बाबा, हा नवा माल आहे. याला वंगणाचं तितकं काम नाही.”

“घासते तं वंगण लागते. बंडीचं चाकही असंच रडते.”

बाबांनी उभी हयात बैलबंडी हाकली. चाकाच्या तुंब्यातली लोखंडी नळी आसावर घासते, तिथे तेलात भिजवलेली चिंधी कधी घालायची हे ते कानाने ओळखत. मी बी.एस्सी. झालेला, पण त्या दिवशी त्यांचेच खरे होते. रबरी बुश नळीला आणि डोळ्याला घट्ट धरून असतो, म्हणून तो पिळतो. पॉलियुरेथेनचा बुश कशालाच चिकटलेला नसतो. तो आतल्या नळीवर फिरतो, म्हणजे बंडीच्या चाकासारखा घासतो. त्याला वंगण लागतेच, आणि तेही पाण्याने धुऊन न जाणारे, सिलिकोनचे घट्ट ग्रीस. त्या पुड्यांत तेच होते.

बोल्ट उघडले तेव्हा आमचे ग्रीस वाहून गेलेले, आत चिखलाचे बारीक पीठ आणि नळीवर गंजाचे चट्टे. नळ्या घासून साफ केल्या. कडेला टाकलेल्या पुड्या मिस्त्रीच्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या, त्या शोधून काढल्या. बुशच्या आत, बाहेर आणि दोन्ही तोंडांना ते ग्रीस हाताने चोळले. टिटवी उडाली.

तरी गोष्ट इथे संपली नाही. बाबा म्हणाले, आवाज गेला पण मागे बसले की कमरेला ठोके बसतात. तेही खरे होते. हा पदार्थ दबत नाही हा त्याचा गुण, तोच दोष. रस्त्याचा धक्का तो पोटात घेत नाही, पुढे पोचवतो. ज्याला शर्यतीत पळायचे आहे त्याला ते चालते. खुब्यात सळई बसवलेल्या माणसाला चालत नाही. शेवटी मागच्या पाट्यांना पुन्हा रबरी बुश टाकले, पुढे पॉलियुरेथेन राहू दिले. दुप्पट खर्च झाला, आणि घरात त्याची आठवण अजून काढली जाते.

रबर बसवताना मिस्त्रीने एक गोष्ट मात्र चांगली केली. गाडी उचललेली असताना बोल्ट नुसते अडकवले, चाके जमिनीवर टेकवून पूर्ण वजन आल्यावर मग आवळले. वर असतानाच आवळले तर रबर सदा पिळलेलेच राहते आणि लौकर फाटते.

तुमच्या गाडीत काय आहे ते आधी पाहा. डोळ्याजवळ ग्रीसचे निपल दिसले तर बहुधा आत धातूचा बुश असतो. जुन्या जीपना आणि कित्येक ट्रॉल्यांना तो असतो. त्याला ग्रीस गनने साधे ग्रीस भरा, जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत. निपल नसून रबर दिसले तर तेलाचा हात लावू नका. कुरकुर वाटली तर आधी पाण्याने धुऊन पाहा. आणि लाल-पिवळा कडक प्लॅस्टिकसारखा बुश असेल, तर वर्षातून एकदा उघडून सिलिकोनचे ग्रीस.

मी ते मे महिन्यात करतो. बाबा बाजेवर बसून ग्रीसचा डबा मांडीवर धरतात आणि मी मागितले की बोटभर काढून देतात, जास्त नाही. काम झाले की काठी टेकत उठतात, जीपच्या पुढच्या बंपरवर हात ठेवून दोनदा दाबतात आणि कान देऊन ऐकतात.