लाल लिपस्टिक आणि 'साधेपणा'



वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या आम्हा बायकांना चळवळीतल्याच बांधवांकडून एक सल्ला फुकट मिळतो : कार्यकर्तीने साधं राहावं. कारण काय, तर आम्ही जुन्या सिनेमातल्या नायिकांसारखा केसांचा फुगा काढतो आणि लाल लिपस्टिक लावतो. तेही रोज!

आधी सोयीचं सांगतो. गुलमंडीत मिळणारी मॅट लिक्विड लिपस्टिक ओठांवर वाळून घट्ट बसते. सकाळी लावली की सर्वेक्षण, बैठका, चार कप चहा निभावते. तेलकट भज्यांपुढे मात्र हरते. म्हणूनच रात्री ती खोबरेल तेलाने निघते. फुग्याला चार पिना पुरतात, आणि संभाजीनगरच्या उन्हात मानेवर केस नसलेले बरे.

आता सल्ल्याकडे वळू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना काय सांगितलं? अस्पृश्यपणाची ओळख पटवणारे दागिने टाका, लुगडं नेसण्याची पद्धत बदला. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. पेहराव ही जातीची पाटी होती, म्हणून तो चळवळीचा प्रश्न होता. बाबासाहेबांच्या सुटाबुटाचा अर्थ आपण पोरांना अभिमानाने समजावतो. मग तो अर्थ बाईच्या ओठांपाशी येऊन का अडतो? साधेपणा निवडायला आधी हाताशी काही असावं लागतं. आमच्या आज्यांवर तो लादलेला होता.

नागसेनवनातल्या मुली आम्हाला लिपस्टिकची शेड विचारतात, मग शिष्यवृत्तीचा अर्ज. आम्ही अर्जाची शेवटची तारीख आधी सांगतो, शेड नंतर.