फोन तुमचा, मेल कंपनीचा

हिंजवडीतल्या एका कंपनीत मी आयटी सपोर्टला आहे. लोकांच्या फोनवर ऑफिसचा मेल चालू करून देणं हे माझं रोजचं काम. नोकरीला लागलो तेव्हा ब्लॅकबेरीचा जमाना होता. कंपनीकडून ब्लॅकबेरी मिळाला म्हणजे माणूस वर चढला, असं समजलं जायचं. मग कुणीतरी स्वतःच्या पैशांनी तसाच फोन घेऊन यायचं. "यावर पण ऑफिसचा मेल टाकून दे ना, यार."

ते एवढं सोपं नव्हतं. हँडसेट एकच, पण मेलच्या वाटा दोन. घरच्या मेलसाठी 'ब्लॅकबेरी इंटरनेट सर्व्हिस' होती: मोबाइल कंपनीचा प्लॅन घ्या, याहू किंवा जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड भरा, झालं. ऑफिसच्या मेलसाठी 'एंटरप्राइझ सर्व्हर' लागायचा आणि तो आमच्या सर्व्हर रूममध्ये असायचा. त्यावरून मेलबरोबर कॅलेंडर आणि पत्तेही आपोआप जुळत. शिवाय जागेवर बसून आम्ही त्या फोनचा कॅमेरा बंद करू शकायचो, फोन हरवला तर आतलं सगळं पुसू शकायचो.

2010 साली केंद्र सरकारनं ब्लॅकबेरीला 31 ऑगस्टची मुदत दिली, तेव्हा आमचे फोन खणखणायला लागले. सेवा बंद होणार का, हा एकच प्रश्न. सरकारला एंटरप्राइझचे संदेश तपासायला हवे होते आणि त्यांच्या कुलपाची किल्ली आपल्याकडे नसून ग्राहक कंपनीकडे असते, असं ब्लॅकबेरीवाल्यांचं म्हणणं होतं. सेवा काही बंद पडली नाही. पण ऑफिसच्या मेलची किल्ली ऑफिसकडे असते, हे त्या बातम्यांमुळे साहेबलोकांना पहिल्यांदा कळलं.

पुढे अँड्रॉइड आणि आयफोन आले आणि लोक स्वतःच्याच फोनवर ऑफिसचा मेल घ्यायला लागले. अँड्रॉइडवर खातं जोडताना एक पडदा यायचा: सर्व डेटा पुसणे, स्क्रीन लॉक करणे, पासवर्डचे नियम ठरवणे. खाली 'ॲक्टिव्हेट'. कुणी वाचायचं नाही. माझ्यासमोरच अंगठा त्या बटणावर जायचा. माझ्या एका मित्रानं नोकरी सोडली, तेव्हा त्याच्या कंपनीनं फोन पुसण्याचा आदेश सोडला. ऑफिसच्या मेलबरोबर मुलीच्या बारशाचे फोटोही गेले. बॅकअप नव्हता. तक्रार करायला गेला तर त्याला त्याचीच संमती दाखवली.

2014 च्या अँड्रॉइड 5 पासून वर्क प्रोफाइल आलं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं. ऑफिसच्या ॲपवर छोट्या बॅगेचं चिन्ह येतं आणि त्यांचा डेटा वेगळा राहतो. नोकरी सुटली की कंपनी तेवढंच प्रोफाइल काढते, बाकी फोनला धक्का लागत नाही. तरीही प्रत्येक जण हळूच विचारतोच, "सर, माझं व्हॉट्सॲप दिसतं का तुम्हाला?" नाही दिसत. वर्क प्रोफाइलमधून तुमचं जीमेल, फोटो, व्हॉट्सॲप आम्हाला उघडता येत नाही. ऑफिसचा मेल मात्र सर्व्हरवर असतो आणि तो पाहायचा म्हटलं तर कंपनी पाहू शकते. फोनमधून तो उडवला म्हणून सर्व्हरवरून गेलाच, असं नाही.

आता त्रास उलट बाजूनं होतो. लोक घरची कामं ऑफिसच्या पत्त्यावर करतात. मागे अकाउंट्समधल्या एक मॅडम राजीनामा देऊन निघाल्या. शेवटच्या दिवशी दुपारी फोन घेऊन आल्या, तर डिमॅट, विमा, मुलाच्या शाळेची फी, सगळ्याला ऑफिसचा पत्ता. संध्याकाळी खातं बंद होणार होतं. एकेका ठिकाणी लॉगिन करायचं, पत्ता बदलायचा, जुन्या पत्त्यावर येणारा ओटीपी टाकायचा. डिमॅटचं झालं, फीचं झालं. विम्याच्या साइटवर पत्ता बदलायला फॉर्म भरून शाखेत द्यावा लागणार होता. "उद्या केलं तर?" त्यांनी विचारलं. उद्या त्यांचा मेलच उघडणार नव्हता. खातं बंद करायची वेळ एचआर ठरवतं, ती पुढे ढकलणं माझ्या हातात नाही.

हे मी आता रुजू होण्याच्या दिवशीच सांगतो. बँक, पीएफ, विमा, शाळा, सगळं स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. ऑफिसच्या पत्त्यावर फक्त ऑफिस. नवी मुलं मान डोलावतात आणि लगेच वायफायचा पासवर्ड विचारतात.